बोकेरियात मागच्या बाजूने शिरा: बार्सिलोनाच्या मंडईत बाजार कसा करायचा

बार्सिलोनाला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये एक फोटो हमखास सापडतो. बर्फात खोचलेले लाल, पिवळे, हिरवे रसाचे पेले आणि मागे फळांचे मनोरे. माझ्याकडेही आहे. पहिल्या खेपेला मी ला रांब्ला या गजबजलेल्या रस्त्याच्या बाजूच्या मोठ्या कमानीतून आत गेले, गर्दीने नेलं तिकडे वाहत गेले, एक पेला रस घेतला आणि वीस मिनिटांत बाहेर आले. मंडई बघून झाली, असं घरी फोन करून सांगितलंही.

दुसऱ्या खेपेला कामानिमित्त तीन आठवडे मुक्काम होता. भाड्याच्या घरात शेगडी होती, त्यामुळे भाजी आणणं भागच होतं. तेव्हा कुठे कळलं की मी पाहिलं ते दार होतं, बाजार त्याच्या पलीकडे होता. बोकेरियाचा रांब्लाकडचा भाग आता जवळपास पूर्णपणे पर्यटकांसाठी चालतो. मागच्या नि बाजूच्या भागात मात्र अजून चाकांची पिशवी ओढत आजीबाई येतात, मासळीवाल्यांशी हुज्जत घालतात आणि पाव किलो चणे घेऊन जातात. तिथपर्यंत पोचायचं कसं आणि पोचल्यावर करायचं काय, ते सांगते.

आधी थोडी ओळख

मंडईचं पूर्ण नाव ‘मेर्कात दे सांत जोसेप दे ला बोकेरिया’. जुन्या शहराच्या वेशीबाहेर इथे मांसविक्रीची टेबलं लागत, असा पहिला उल्लेख १२१७ सालचा सांगतात. आजची जागा सांत जोसेपच्या, म्हणजे संत जोसेफच्या, मठाची. १८३५ च्या दंगलीत हा मठ जळाला, मग पाडला गेला आणि त्या जागी खांबांनी वेढलेला ऐटदार चौक करायचं ठरलं. खांब उभे राहिले, पण भाजीवाले, मांसवाले काही हटले नाहीत. शेवटी १८४० मध्ये सांत जोसेपच्याच सणाच्या दिवशी, १९ मार्चला, मंडईचं काम सुरू झालं. डोक्यावरचं लोखंडी छप्पर १९१४ चं. कडेने चालताना दुकानांमागे दगडी खांबांची रांग दिसते ना, ती त्या राहून गेलेल्या चौकाची. बहुतेकांची नजर हॅमच्या तंगड्यांवर असते, त्यामुळे खांबांकडे कुणी बघत नाही.

दिवस आणि वेळ

मंडई सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते रात्री ८.३० उघडी असते. रविवारी बंद. या पाटीवर मात्र फार विसंबू नका, कारण ती मंडईची वेळ आहे, प्रत्येक गाळ्याची नाही. स्थानिक गिऱ्हाइकांवर चालणारे बरेच गाळे दुपारनंतर आवरायला घेतात, आणि संध्याकाळी उरतात ते मुख्यतः रस, चॉकलेट आणि शंकूत भरलेलं हॅम विकणारे.

सोमवार टाळा. रविवारी बोटी समुद्रात जात नाहीत, म्हणून सोमवारी मासळीचे बहुतेक गाळे बंद असतात आणि मंडईच्या मधोमध नुसत्या रिकाम्या, धुतलेल्या फरश्या दिसतात. शनिवारी गावातले आणि बाहेरचे सगळेच येतात. मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेआठ ते साडेदहा, ही माझ्या मते सगळ्यांत चांगली वेळ. सुट्ट्याही तपासून जा. २४ जून, ११ सप्टेंबर, २४ सप्टेंबर, २६ डिसेंबर, ६ जानेवारी या तारखा आपल्या डोक्यात नसतात, पण तिथे त्या मोठ्या सुट्ट्या आहेत. ऑगस्टमध्ये बरेच दुकानदार सरळ रजेवर जातात.

मोठ्या घोळक्याने निघाला असाल तर आणखी एक गोष्ट. पर्यटकांच्या झुंडींमुळे गिऱ्हाइकाला गाळ्यापर्यंत पोचता येईना, तेव्हा २०१५ साली शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी ८ ते दुपारी ३ या वेळात पंधरा किंवा त्याहून जास्त माणसांच्या गटांना मंडईत बंदी घातली गेली. नियम माहीत असो वा नसो, दोघादोघांनी फिरणं केव्हाही बरं. दहा जण एका गाळ्यासमोर थांबले की त्या गाळ्याचा धंदा थांबतो.

कुठून शिरायचं

मेट्रोची हिरवी लाइन, म्हणजे तीन क्रमांकाची, घ्या आणि लिसेउ स्टेशनला उतरा. प्लासा कातालुन्या या चौकातून रांब्लाने चालत आलात तर दहाएक मिनिटं. रस्त्याच्या मधोमध जमिनीवर चित्रकार जोआन मिरोचं गोल रंगीत मोझेक आहे, १९७६ सालचं. लोक नकळत त्यावरून चालत जातात. ते दिसलं की मंडई आलीच.

आता समोर ती प्रसिद्ध कमान दिसेल. फोटो काढायचा तर काढा, पण आत जाऊ नका. मंडईला वळसा घालून मागच्या बाजूला, प्लासा दे ला गार्दुन्या या चौकात जा. चौक मोकळा आहे, एका बाजूला कलाशाळेची इमारत, लोक सायकली लावून कॉफी पीत बसलेले. इथून आत गेलात की पहिल्या दोन मिनिटांतच फरक जाणवतो. पाट्या कातालान या स्थानिक भाषेत, माणसांच्या हातात याद्या, आणि कुणी तुमच्या तोंडासमोर पेला नाचवत नाही.

मागून शिरल्यावर डाव्या हाताला बाहेर पडणारी वाट प्लासा दे सांत गाल्द्रिक या छोट्या चौकात जाते. तिथे सकाळी आसपासचे शेतकरी स्वतःचा माल घेऊन बसतात. त्यांना तिथे ‘पाजेसोस’ म्हणतात. टेबलं साधी, माल थोडा, मोसमात असेल तेवढाच, आणि दुपारपर्यंत संपतो. म्हणून खरेदीचा क्रम असा लावा: आधी शेतकरी, मग मंडईची मागची बाजू, मग मधली मासळी, आणि सगळ्यात शेवटी, बाहेर पडताना, रांब्लाकडचा झगमगाट. उलट्या क्रमाने गेलात तर निम्मे पैसे पहिल्या तीन गाळ्यांतच जातात.

रांग दिसत नाही, पण असते

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. अंड्यांच्या एका गाळ्यासमोर मी चांगली दहा मिनिटं उभी होते. चार बायका इकडेतिकडे पांगून उभ्या, रांग अशी कुठे दिसेना. बाई एकेकीला हाक न मारता माल देत होती, मी हात वर केला तरी माझ्याकडे बघतही नव्हती. मला वाटलं, परकी म्हणून टाळतेय. मनातल्या मनात चिडलेही. तेवढ्यात एक आजी चाकांची पिशवी ओढत आल्या आणि कुणाकडेच न बघता मोठ्याने म्हणाल्या, ‘‘कि एस लुल्तिम?’’ कोपऱ्यातली एक बाई न वळता म्हणाली, ‘‘जो.’’ मी. झालं. आजींना आता फक्त त्या बाईकडे लक्ष ठेवायचं होतं. तिच्यानंतर त्यांचा नंबर. मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या हिशेबात मी रांगेत नव्हतेच.

तेव्हा गाळ्यापाशी पोचल्याबरोबर विचारा: कातालानमध्ये ‘‘कि एस लुल्तिम?’’, स्पॅनिशमध्ये ‘‘किएन एस एल उल्तिमो?’’ अर्थ एकच, शेवटचं कोण? कुणीतरी बोट वर करेल किंवा ‘जो’, ‘यो’ म्हणेल. त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवा. तुमच्यानंतर आलेल्याने विचारलं की तुम्ही ‘जो’ म्हणायचं. काही गाळ्यांवर क्रमांकाची चिठ्ठी फाडून घ्यायचं यंत्र असतं. ते दिसलं तर आधी चिठ्ठी.

नंबर आला की पहिला शब्द ‘‘बोन दिया’’. मागणी त्यानंतर. तिथे दुकानात शिरताना नमस्कार न करणं उद्धटपणा समजतात, आणि या दोन शब्दांनी समोरच्याचा चेहरा किती बदलतो ते करूनच बघा. शेवटी ‘‘सि उस प्लाउ’’ म्हणजे कृपया, ‘‘ग्रासिएस’’ म्हणजे आभार, निघताना ‘‘आदेउ’’. एवढी कातालान पुरते. बाकी स्पॅनिश सगळ्यांना येते, आणि बोटं दाखवून तर काहीही घेता येतं.

मालाला हात लावायचा नाही

टोमॅटो दाबून बघणं, द्राक्ष तोडून चाखणं, खालून चांगलं काढून घेणं यातलं काहीही चालत नाही. निवडायचं काम विकणाऱ्याचं. आपल्याला आधी हे पटत नाही, सडका माल गळ्यात बांधतील असं वाटतं. पण ओळखीच्या गिऱ्हाइकावर चालणारा गाळा असला तर उलटाच अनुभव येतो. मी खरबूज मागितलं तर बाईने विचारलं, ‘‘पेर आवुइ ओ पेर देमा?’’ आज खायचंय की उद्या? आज म्हटल्यावर तिने चार खरबुजं उचलली, देठाच्या विरुद्ध टोकाला अंगठ्याने दाबलं, तीन परत ठेवली. आव्होकाडो, पीच, अंजीर यांच्या बाबतीतही हाच प्रश्न येईल. उत्तर आधी ठरवून ठेवा.

घासाघीसही नको. भाव लिहिलेला असतो आणि तो तोच असतो. फक्त रांब्लाकडचे रस आणि कापलेल्या फळांचे पेले संध्याकाळी बंद व्हायच्या सुमाराला बरेचदा उतरवलेल्या भावात देतात. ते सकाळी कापलेलं असतं हे ध्यानात घेऊन घ्या.

पाटी वाचायला शिका

बाजारात फसगत होते ती बहुतेक वेळा पाटी नीट न वाचल्यामुळे, दुकानदार लबाड असतोच असं नाही. तिथे दशांशाला स्वल्पविराम देतात, हे पहिलं. दुसरं, भाव कशाचा ते बघा. भाजी-फळं किलोवर असतात, पण हॅम, सुकामेवा, गोळ्या-चॉकलेटं यांचा भाव पुष्कळदा शंभर ग्रॅमचा लिहिलेला असतो. ‘काय स्वस्त आहे’ म्हणून अर्धा किलो बदाम मागायचे आणि तराजूवरचा आकडा बघून गप्प व्हायचं, हा प्रकार मी केलेला आहे. मागताना वजनच सांगा: ‘‘सेंत ग्राम्स’’ म्हणजे शंभर ग्रॅम, ‘‘मिच किलो’’ म्हणजे अर्धा किलो. स्पॅनिश बोलणारी म्हातारी माणसं कधी ‘‘क्वार्तो इ मिताद’’ मागतात. पाव किलो आणि त्याचं अर्धं, म्हणजे ३७५ ग्रॅम. आपला अदपाव-पावशेराचा हिशेब ऐकत वाढलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं.

मासळीच्या पाटीवर युरोपीय नियमांमुळे बरंच काही लिहावं लागतं: माशाचं नाव, शास्त्रीय नाव, समुद्रात पकडलेला की शेतीतला, आधी गोठवलेला होता का, आणि कुठल्या समुद्रातला. समुद्राचा क्रमांक असतो. ३७ म्हणजे भूमध्य आणि काळा समुद्र, २७ म्हणजे ईशान्य अटलांटिक. बार्सिलोनात बसून भूमध्य समुद्रातलंच खायचंय असा हट्ट असेल तर ३७ शोधा. अंड्यांवर छापलेल्या आकड्यांतला पहिला आकडा कोंबडी कशी वाढली ते सांगतो: ० सेंद्रिय, १ मोकळ्या आवारातली, २ बंद शेडमध्ये पण पिंजऱ्याबाहेर, ३ पिंजऱ्यातली.

हॅम खाणाऱ्यांसाठी रंगांची खूण आहे. इबेरिको जातीच्या डुकराच्या हॅमला २०१४ च्या नियमानुसार पायाशी रंगीत पट्टी असते. काळी म्हणजे शंभर टक्के इबेरिको आणि शेवटच्या महिन्यांत ओकची फळं खाऊन वाढलेलं, हे सगळ्यांत महाग. लाल म्हणजे खाणं तेच पण जात मिश्र. हिरवी म्हणजे कुरणात फिरून दाणा नि गवत खाल्लेलं, पांढरी म्हणजे गोठ्यातलं. शंकूत भरून विकतात ते हॅम कुठल्या पट्टीचं, असं विचारलंत तर विकणारा एकदम सावरून बोलायला लागतो. काळ्या पट्टीचं पन्नास ग्रॅम समोर सुरीने कापून घेणं हे मिश्र शंकू तीनदा खाण्यापेक्षा चांगलं.

काय घ्यावं

खोलीत शेगडी नसेल तरी पुष्कळ काही घेता येतं. माझा सगळ्यात आवडता गाळा शिजवलेल्या कडधान्यांचा. हो, शिजवलेल्या. मोठमोठ्या ताटांत वाफवलेले छोले, मसूर, पांढऱ्या घेवड्यासारखे ‘मोंजेतेस’, सगळं मऊ शिजवून तयार, वजनावर. शाकाहारी माणसाला परदेशात तिसऱ्या दिवशी पाव-चीजचा कंटाळा येतो, तेव्हा हा गाळा देवासारखा धावून येतो. पाव किलो छोले, शेजारून एक टोमॅटो, एक कांदा, ऑलिव्हच्या गाळ्यावरून मूठभर ऑलिव्ह, लिंबू पिळलं की जेवण झालं.

टोमॅटोंचे प्रकार पाहताना सुताला टांगलेल्या लहान टोमॅटोंकडे लक्ष असू द्या. ‘तोमाकेत दे पेंजार’, टांगून ठेवायचे टोमॅटो, महिनोन्‌महिने टिकतात. कातालान लोक ते अर्धे कापून भाजलेल्या पावावर घासतात, वर तेल आणि मीठ. हेच ‘पा अम्ब तोमाकेत’. साल तेवढी हातात उरते, गर पावात जिरतो.

मोसमाप्रमाणे मंडई बदलते. हिवाळ्याच्या शेवटी ‘काल्सोत्स’ येतात. ही पातीच्या कांद्यासारखी लांब दांडी, पण बिनगाठीची. ती ज्वाळेवर काळी होईपर्यंत भाजून, साल ओढून खातात. हिवाळा ते वसंत आर्टिचोक. मे-जूनमध्ये चेरी, उन्हाळ्याच्या शेवटी अंजीर. पावसानंतरच्या शरद ऋतूत मंडईच्या मागच्या भागात अळंब्यांचे ढीग लागतात, केशरी, तपकिरी, काही माती लागलेली. ‘रोवेल्यो’ हे नाव तेव्हा सगळीकडे ऐकू येतं. नोव्हेंबरच्या तोंडावर भाजलेली चेस्टनट आणि बदामाची ‘पानेयेत्स’ नावाची मिठाई.

मधल्या गोलातली मासळी खरेदी करायची नसली तरी बघाच. तारली, कोळंबी, माकूल, बर्फावर जिवंत हलणारे खेकडे, आणि सुऱ्या चालवणाऱ्या बायका. त्या मासा विकत देताना फुकट साफ करून देतात, फक्त कसा कापू ते विचारतात. जमीन ओली असते, साधे चामडी तळव्याचे बूट घालून गेलात तर घसराल. आणि नाजूक मनाच्यांनी मुंडकी, जिभा, आतडी विकणारे गाळे आहेत हे गृहीत धरून फिरावं.

कापडी पिशवी बरोबर न्या. स्पेनमध्ये २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे घ्यावेच लागतात.

आत बसून खायचं असेल तर

मंडईच्या आत उंच स्टुलांचे छोटे बार आहेत. स्टुलं मोजकी असतात आणि खाणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहून स्टूल रिकामं व्हायची वाट बघायची असते. अवघडल्यासारखं वाटतं, पण सगळे तेच करतात. दीड ते साडेतीन ही जेवणाची गर्दी. मी सकाळी नऊच्या सुमाराला जाते. तेव्हा मंडईतलेच गाळेवाले ‘एस्मोर्सार दे फोर्किया’ खात असतात, काट्याने खायची न्याहारी. नाव न्याहारी, पण ताटात रस्सा, छोले, सॉसेज, कधी खेकडा.

दोन गोष्टी बसण्याआधी बघा. भाव लिहिलेला आहे का, आणि ज्या पदार्थापुढे आकड्याऐवजी ‘बाजारभावाप्रमाणे’ अशा अर्थाची अक्षरं आहेत तो आज कितीला. कोळंबी, कालवं यांच्या बाबतीत न विचारता मागवलं तर बिल बघून घाम फुटतो. एकदा आमच्या पुढ्यात न मागवलेली एक बशी ‘चाखून बघा’ म्हणून ठेवली गेली आणि ती बिलात आली. तेव्हापासून मी आधी विचारते: ‘‘क्वांत एस?’’ केवढ्याला? बक्षिशीची सक्ती नाही, कर भावातच धरलेला असतो.

शाकाहाराबद्दल स्पष्ट बोलावं लागतं. ‘मांस नको’ म्हटल्यावर हॅमचे तुकडे किंवा ट्यूना घातलेलं ताट येऊ शकतं, कारण पुष्कळांच्या डोक्यात मांस म्हणजे मोठा तुकडा. म्हणून नावानिशी सांगा: ‘‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून.’’ मांस, हॅम, मासा, ट्यूना, काहीच नको. क्रोकेतांत बहुधा हॅम असतं. पालक किंवा छोल्यांच्या भाजीतही डुकराच्या चरबीचा तुकडा असू शकतो, विचारून घ्या. निर्धास्त पदार्थ म्हणजे पा अम्ब तोमाकेत, भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची ‘एस्कालिवादा’ (वर अँचोव्ही हा मासा नको म्हणून सांगा), आणि अंडं चालत असेल तर बटाट्याची जाड ‘तोर्तिया’. कशाची ॲलर्जी असेल तर बिनदिक्कत विचारा. शेंगदाणे, तीळ, मोहरी, दूध, कोळंबी धरून चौदा घटकांची माहिती देणं युरोपात विक्रेत्यांना बंधनकारक आहे.

खिसा सांभाळा

रांब्ला, लिसेउ स्टेशन आणि मंडईचं पुढचं दार ही शहरातली पाकीटमारांची आवडती ठिकाणं. मारहाण वगैरे सहसा नसते, नुसती सफाई असते. फोन काउंटरवर ठेवून हॅमचा फोटो बघत बसणं, पिशवी स्टुलाच्या पाठीला अडकवणं, पाठीवरची सॅक पाठीवरच ठेवणं, हे तीन प्रकार बंद केलेत की बरंचसं संकट टळतं. सॅक पोटावर घ्या. पासपोर्ट खोलीवर ठेवा, प्रत जवळ ठेवा. कुणी अंगावर काही सांडलं आणि पुसायला मदत करू लागलं तर आधी पिशवीला हात घाला, डाग नंतर पुसा.

कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण शेतकऱ्यांपाशी आणि दोन-चार युरोच्या खरेदीला सुटे बरे. गेलंच काही तर ११२ ला फोन. तक्रारीसाठी जवळचं पोलिस ठाणं नोऊ दे ला रांब्ला रस्त्यावर आहे. विम्यासाठी तक्रारीचा कागद लागतो, तो मागून घ्या.

फोटोंचं एक. काही गाळ्यांवर कॅमेऱ्यावर फुली मारलेली पाटी असते, ती गंमत म्हणून लावलेली नसते. दिवसाला हजारो लोक माल न घेता फोटो काढून जातात, तेव्हा कुणाचंही डोकं फिरेल. काहीतरी घ्या, अगदी दोन संत्री, आणि मग विचारा. मला आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही.

घरी आणण्यासारखं

हॅम, सॉसेज, चीज भारतात आणायच्या फंदात पडू नका. प्राणिजन्य मालाला आयात परवाना लागतो. दुकानदार हवा काढून पाकीट बंद करून देईल, त्याला आपल्या कस्टमशी काही देणंघेणं नसतं. त्यापेक्षा केशर घ्या. ला मांचाच्या केशराला भौगोलिक मानांकन आहे, डबीवर शिक्का बघा आणि काड्याच घ्या. शेजारी स्वस्तात मिळणारी पिवळी पूड म्हणजे खायचा रंग. ‘पिमेंतोन दे ला वेरा’ ही ओकच्या धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड गोड, मध्यम आणि तिखट अशा तिन्हींत मिळते. गोडच घ्या, तिखट आपल्याकडे कमी नाही. ऑलिव्ह तेलाची बाटली सामानात टाका, हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली जाऊ देत नाहीत.

गर्दी झेपली नाही तर

बार्सिलोनात अशा पालिकेच्या सुमारे चाळीस मंडया आहेत. बोकेरियाहून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलात तर सांता कातेरिना लागते. तिचं लाटेसारखं रंगीत छप्पर एन्रिक मिरायेस आणि बेनेदेत्ता तालियाबुए या वास्तुविशारदांचं, २००५ साली नव्याने उघडलं. दुसऱ्या दिशेला सांत आंतोनी, १८८२ ची लोखंडी मंडई, दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. रविवारी तिच्याभोवती जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, म्हणजे बोकेरिया बंद असताना तिकडे जाता येतं. रोजच्या भाजीसाठी मी शेवटी सांत आंतोनीलाच जायला लागले, कबूल करते. कडधान्यांसाठी आणि अळंब्यांसाठी मात्र बोकेरिया सुटली नाही.

खरेदी झाल्यावर चालता चालता खाऊ नका, मंडईत तर नकोच. गार्दुन्याच्या चौकाला लागूनच सांता क्रेऊचं जुनं इस्पितळ आहे, दगडी कमानींचं. प्रसिद्ध वास्तुविशारद गौदीला १९२६ मध्ये ट्रामने उडवलं तेव्हा त्याला इथेच आणलं होतं आणि इथेच तो गेला. आता तिथे ग्रंथालय आहे आणि आवारात संत्र्याची झाडं. सावलीतला बाक पकडा, कागदात गुंडाळलेले छोले उघडा, खरबूज तिथेच कापा. सुरी आणायला मात्र विसरू नका. साली टाकायला तपकिरी झाकणाचा डबा शोधा. ओला कचरा तिथे तपकिरीत जातो.